बिडू, होडी

हुक्केरी मॅडमचं मराठी अडखळायचं,
आमचं कन्नड एसटी स्टँडच्या पाट्यांपुरतं.
म्हणून निपाणीच्या त्या मैदानावर दोनच शब्द ठरले.
बिडू म्हणजे सोड.
होडी म्हणजे मार.

पहिल्या दिवशी 'होडी' ऐकून
तस्लीमनं खरंच मागं वळून पाह्यलं,
तळं तर पार गावाबाहेर.
चेंडू तिच्या पोटरीवर बसला.

मी तेरा वर्षांची. हाताला नुसती खाज.
डोक्यावरून जाणारा, बुटाशी टप्पा खाणारा,
वाट चुकून कुंपणाकडे निघालेला,
दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवायची.
वारा घालतीस काय गं आम्हाला, मुली म्हणायच्या.

मॅडमनी बॅट काढून घेतली.
आठवडाभर नुसती उभी राहा.
चेंडू येतो, तू बोल.
अक्काताई मगदूम फेकायची, मी बोलायची:
होडी. होडी. होडी. बिडू. होडी.
चौथ्या दिवशी काहीतरी उलटं झालं.
तिचा हात मांडीला घासून सुटतो
तिथंच, चेंडू अजून तिचा असतानाच,
तोंडातून निघून गेलं: बिडू.
मॅडम काही बोलल्या नाहीत. फक्त बॅट परत दिली.

मग हिशोब आला.
तीन बॉल, स्ट्राइक एकही नाही: बिडू,
देव फेकायला आला तरी बिडू.
दोन स्ट्राइक झाले की मात्र चौकट वाढते,
जवळचा, जरा लांबचा, मनाला न पटलेला,
सगळा आपलाच समजायचा.
आणि काठावरचा, मॅडम?
मॅडम हसल्या.
"काठावरच राहतो की आपण. मला काय इचारतीस?"

घरी आई टेंभुर्णीच्या पानावर
पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची.
भोकाचं पान, शिरेचं पान, करपलेलं पान
न बघता बाजूला.
मी विचारलं, कसं कळतं गं?
ती म्हणाली, काय कळतंय?
आणि तोवर आणखी दोन पानं बाजूला गेली होती.

चिकोडीला फायनल.
गोकाकची पिचर, वेणी टोपीत कोंबलेली,
चेंडू असा यायचा की आधी आवाज, मग चेंडू.
शेवटचा डाव, एका रनानं मागं, दोन औट,
दुसऱ्या बेसवर तस्लीम, तिसऱ्यावर अक्काताई,
तीन बॉल, दोन स्ट्राइक.
मी मॅडमकडं बघितलं.
मॅडम खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या.
नाडी बांधलेलीच होती.

चेंडू सुटला.
बाहेरच्या कोपऱ्याकडं,
गुडघ्याच्या खाली, फार नाही, दोन बोटं.
खांदा निघाला होता, मनगट निघालं होतं,
आणि माझ्या आत कुणीतरी म्हणालं, बिडू.
आवाज माझाच होता, कन्नडमधला.

अंपायरनं उजवा हात वर केला.

परतीच्या टेम्पोत कुणी गाणी म्हटली नाहीत.
संकेश्वरच्या अलीकडं मॅडम म्हणाल्या,
"बॉल होता."
बराच वेळ रस्ता गेला.
"पण दोन स्ट्राइक होते."
मी होय म्हणाले. दोन्हीला.

आई सूप मांडीवर घेऊन बसलेली.
"न मारता कशी गं औट झालीस?"
मी सांगितलं. दोन बोटं दाखवली.
तिनं ती दोन बोटं नीट बघितली.
मग कोपऱ्यातली पिशवी ओतली,
कारखान्यातनं माघारी आलेली छाट,
चेकरनं बाजूला काढलेल्या शंभरेक विड्या,
ज्यांचा पैसा मिळत नाही.
"ह्यातली खराब कुठली, सांग."

मी एकेक उचलली,
दिव्याकडं धरली, दोऱ्याची गाठ बघितली,
तोंड बघितलं.
पार शेवटची विडी हातात येईतो
एकीलाही बिडू म्हणता आलं नाही.